टाकी फुल झाली म्हणे!

पेट्रोल पंपावर नोझल 'खट्' करून बंद पडलं की टाकी भरली, असं आपण सगळे धरून चालतो. खरं तर नोझलला टाकीतलं काहीही कळत नाही. त्याला फक्त इतकंच कळतं की आपलं तोंड बुडालं. यातला फरक लक्षात आला नाही तर जुन्या गाडीवर हजारो रुपये उगाच उडतात, म्हणून आजचं हे वीकेंड-पुराण.

आमच्याकडे 2007 सालची एक छोटी हॅचबॅक आहे. बाबांनी घेतलेली. 2022 साली पंधरा वर्षं झाली तेव्हा आरसी रिन्यू करून घेतली आणि अजून मजेत चालते. मध्यंतरी तिने नवंच खूळ काढलं. पेट्रोल भरायला घेतलं की दोन-तीन लिटरला खट्. पुन्हा दाबा, पुन्हा खट्. मागे रिक्षांची रांग, हॉर्नचा गजर, आणि पंपावरचा मुलगा सांगतोय, "साहेब, फुल आहे टाकी." काटा मात्र पाव टाकीवर!

एका सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवली. तिथल्या ॲडव्हायझरने गाडीखाली न वाकताच निकाल दिला, कॅनिस्टर बदला, आणि नाहीच जमलं तर टाकीच बदलू. आमच्या धंद्यात ज्युनियर पोरं असंच करतात. लॉग न बघता आधी सर्व्हर रिस्टार्ट, मग सर्व्हर नवीन. :)

आता नोझलचं गणित बघा. नळीच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहत असताना नोझलच्या आत अरुंद जागी ओढ तयार होते (व्हेंचुरी, बारावीचं फिजिक्स आठवा) आणि त्या भोकातून सतत हवा खेचली जाते. भोकापाशी पेट्रोल किंवा नुसता फेस जरी आला, तरी हवा बंद होते, आत ओढ वाढते, रबरी पडदा सरकतो आणि खटका सुटतो. ना सेन्सर, ना वायर, ना एक ओळ कोड. इतकं सुंदर इंजिनियरिंग आपण रोज हातात धरतो आणि बघतही नाही.

म्हणजे टाकी रिकामी असताना खट् होत असेल तर पेट्रोल खाली न जाता तोंडाशी तुंबतंय. का तुंबतंय? कारण टाकीत तीस लिटर पेट्रोल जायचं तर आतली तीस लिटर हवा आणि वाफ बाहेर यायला हवी. बाटली उलटी केली की पाणी 'बुडुक बुडुक' करत पडतं, तेच हे. त्यासाठी पेट्रोलच्या जाड पाइपाला समांतर एक बारीक पाइप असतो, ब्रीदर. तो दबला, चेपला किंवा आतून फुगला की टाकीचा श्वास कोंडतो.

मग सगळे कॅनिस्टरला का धरतात? माझ्या मते हा व्हिडिओंचा परिणाम आहे. अमेरिकेत 1998 च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने असा नियम आला की भरताना निघणारी वाफसुद्धा गाडीतच कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठवायची. तिथे कॅनिस्टर किंवा त्याचा व्हॉल्व्ह तुंबला की नोझल खटकन बंद पडतं, हे बरोबरच आहे. आमच्या गाडीत कॅनिस्टर आहे, पण त्याचं काम उभ्या गाडीत टाकीतून निघणारी वाफ पकडण्याचं. भरतानाची वाफ ब्रीदरमधून वर येऊन तोंडातूनच बाहेर पडते. तिकडचं निदान इकडच्या गाडीला लावलं तर नवा कॅनिस्टर येणार आणि बग तसाच राहणार.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी फुकटच्या गोष्टी करा. दुसऱ्या पंपावर भरून बघा, कारण कधीकधी नोझलच हळवं असतं. नोझल थोडं बाहेर ओढून, थोडं फिरवून, धार कमी ठेवून भरा. हळू भरल्यावर जातंय आणि जोरात भरल्यावर तुंबतंय, तर श्वास पूर्ण बंद नाही, अरुंद झालाय. आणि नक्की किती लिटर गेलं ते बिलावरून लिहून ठेवा. काटा खोटं बोलू शकतो, फ्लोट अडकलेला असू शकतो. झाकण उघडताना जोरात 'फुस्स' करून हवा आत खेचली जात असेल तर ते दुखणं वेगळं. तिथे झाकणाचा व्हॉल्व्ह किंवा कॅनिस्टरची लाइन खरंच तपासावी.

मी एवढी यादी घेऊन गल्लीतल्या मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी मागचं चाक काढलं, आतलं प्लास्टिक सोडलं आणि ब्रीदर हातात घेऊन हसले. वळणावर पाइप मऊ पडून चपटा झाला होता, चघळलेल्या स्ट्रॉसारखा. वर क्लॅम्पपाशी भेगा, भेगांना पेट्रोलचा ओशटपणा. मागच्या सीटवर कधीमधी येणारा वास इथून येत होता. बाबा त्याच सीटवर बसतात आणि भाचीही तिथेच, म्हणून मी याला 'जुन्या गाडीची नाटकं' म्हणायला तयार नाही. पेट्रोलच्या वाफेत बेन्झीन असतं, त्याने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे, आणि आगीचं तर सांगायलाच नको.

पाइप बदलताना एकच हट्ट धरा, पेट्रोलसाठीचाच हवा. पाण्याचा पाइप किंवा ती पारदर्शक नळी काही महिन्यांत फुगते नाहीतर कडक होते. त्यात 2025 पासून पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग लवकर बदलावे लागतील, हे सरकारनेही त्याच वर्षी मान्य केलं. माझ्या पाइपाच्या खुनाचा आरोप मी इथेनॉलवर ठेवत नाही, 2007 चं रबर होतं ते. पण नवीन घेताना इथेनॉलला चालणारा मागायला काय जातं?

आणि आता माझा खरा राग. 'राउंड फिगर'! पहिलं खट् झाल्यावर 2340 चे 2400 करायला पंपावरचा मुलगा नोझल पुन्हा दाबतो आणि आपण मान डोलावतो. टाकीत वरची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. जमिनीखालचं गार पेट्रोल उन्हात उभ्या गाडीत 20 अंशांनी तापलं तर 35 लिटरमागे अर्ध्या लिटरहून जास्त फुगतं. ते जाणार कुठे? कॅनिस्टरच्या लाइनमध्ये. कोळसा एकदा पेट्रोलने भिजला की मग तो खरंच बदलावा लागतो. पाच-पन्नास रुपये सुटे नकोत म्हणून आपण हे ओढवून घेतो, यूपीआय असताना! शिवाय प्रत्येक जादा खट् च्या वेळी तोंडातून फसफसणारी वाफ त्या मुलाच्या नाकात जाते, दिवसभर, प्रत्येक गाडीमागे.

मी हल्ली आधीच सांगतो, "दादा, पहिल्या कटला बंद." त्याला बरंच वाटतं बहुतेक, किंवा मी विक्षिप्त वाटतो. असो.

जाता जाता, '35 लिटरच्या टाकीत 37 कसे गेले' म्हणून भांडायच्या आधी लक्षात घ्या की मॅन्युअलमधला आकडा ही रिकामी जागा आणि तोंडाचा पाइप सोडून असतो. तरीही शंका असेल तर पंपावर 5 लिटरचं प्रमाणित माप असतं. मागा, ते समोर मोजून दाखवावंच लागतं.