गृहोपयोगी माहिती : संगणक आणि कुलवृत्तान्त

चिखलीच्या घरीं टंकित केलेला कुलवृत्तान्त पुण्यास चिरंजिवांच्या संगणकावर उघडावा, तों अक्षरांऐवजीं भलतींच चिन्हें दिसावीं! जुन्या फॉन्टांत ‘क’चा केवळ आकार रोमन अक्षराच्या जागीं बसविलेला असे, फॉन्ट नाहीं, तेथें मराठीही नाहीं. १९९१ सालीं निघालेल्या युनिकोडांत ‘क’चा क्रमांक २३२५, यंत्र बदललें तरी तो बदलत नाहीं. जुना मजकूर महाजालावरील विनामूल्य परिवर्तकानें युनिकोडांत आणून लिब्रेऑफिसमध्यें जतन करावा. हें साधनही विनामूल्य असून विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतें. मात्र रूपांतरांत जोडाक्षरें व रफार पुष्कळदां बिघडतात. म्हणून पूर्वजांचीं नांवें जाणणारीं वडील मंडळी घरांत आहेत तोंवर ओळ न् ओळ त्यांजकडून ताडून घ्यावी. पुढें चूक दाखविणारें कोणी असणार नाहीं.