अयस्कांताचे जुने व नवे कार्य

आमच्या हिंगोलीच्या घरी वहिनींच्या गळ्यात गाठ दिसून आली. तपासणीसाठी नांदेडास जाण्याचे ठरत असतानाच पुतण्याने एका फिरत्या विक्रेत्याकडून लोहचुंबकाचे कडे आणले व मला विचारले, "काका, सुश्रुतांनीही चुंबक वापरलाच होता ना?" प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचे उत्तर वाचकांसही सादर करतो.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सत्ताविसाव्या अध्यायात, शरीरात रुतलेले शल्य काढण्याचे पंधरा उपाय सांगितले आहेत. त्यांत अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक, हा एक होय. परंतु अटीही तेथेच आहेत : शल्य सरळ रेषेत असावे, घट्ट रुतलेले नसावे, त्यास अडकणारे कर्ण नसावेत व व्रणाचे मुख मोठे असावे. चुंबक लोखंडास ओढतो. गाठीत लोखंडच नाही, तेथे कड्याने ओढावे ते काय?

मग लोखंडच गाठीपाशी नेले तर? मुंबईस पवईच्या आय. आय. टी. मध्ये धीरेंद्र बहादूर व त्यांचे सहकारी यांनी 2010 च्या सुमारास याच दिशेने सूक्ष्म कण सिद्ध केले. सब्ज्याचे बी जसे पाणी धरून फुगते, तसेच हे कण. मात्र त्यांच्या पोटी लोहाच्या ऑक्साइडचे रजःकण असतात व औषधही भरता येते. सब्ज्याहून भेद हा की, उष्णता वाढताच ते आकसून पाणी बाहेर टाकतात. त्यांचे मुख्य द्रव्य एकटे असता 32 अंशांच्या सुमारासच आकसते. शरीर तर 37 अंशांचे! औषध वाटेतच सांडावयाचे. म्हणून कायटोसानसारखे दुसरे द्रव्य मिसळून ही मर्यादा वर न्यावी लागते. मग बाहेरून वेगाने दिशा पालटणारे चुंबकीय क्षेत्र लावले की लोहकण तापतात, कण आकसतो व औषध तेथेच पिळून निघते. शिवाय 42–43 अंशांची उष्णता गाठीच्या पेशींस बाधते, ती निराळीच. कड्यातील चुंबक स्थिर. त्याने यातले काहीच घडत नाही.

हे कार्य अद्याप प्रयोगशाळेतील आहे. शरीरात सोडलेले असे कण पुष्कळदा यकृत व प्लीहा यांतच अडकतात. ती अडचण सुटावयाची आहे.

पुतण्यास एवढेच म्हटले, "सुश्रुतांचे नाव घ्यावयाचे, तर त्यांच्या अटीही घ्याव्यात." त्याने कडे मुकाट्याने खिशात घातले. सोमवारी पहाटेच्या एस. टी. ने वहिनींस घेऊन आम्ही नांदेड गाठले. शस्त्रक्रियेचा दिवस आता ठरला आहे.