रक्त आमचं, निष्कर्ष कुणाचे?



तळेगाव ढमढेऱ्याच्या परिसरातल्या बायकांना संशोधन नवं नाही. शिरूर तालुक्यातच, वढू बुद्रुकला, डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात के.ई.एम. रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. २००२ साली तिथे शिरूर-हवेलीतल्या २२ गावांतल्या जन्म, मृत्यू, स्थलांतराची घरोघर नोंद सुरू झाली. त्याआधी, १९९३ मध्ये, डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भारपणातल्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. आपली बाळं वजनाला कमी, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त, हे त्यातून जगाला कळलं. ज्या आईच्या खाण्यात पालेभाजी, फळं, दूध अधिक वेळा, तिचं बाळ अंगानं मोठं, हेही दिसलं. (शेवटी जेवायला बसणारीच्या ताटात पालेभाजी उरते का, हा आपला प्रश्न.)

अशा अभ्यासांसाठी बायका रक्त देतात, काल काय खाल्लं ते आठवून सांगतात. निष्कर्ष मात्र इंग्रजी नियतकालिकांत छापले जातात. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. ते १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. आपल्यापैकी किती जणींनी ते मराठीत वाचलं?

म्हणून ऑनलाइन व्हिडिओकडे मी आशेनं पाहते. आयआयटी मुंबईत डॉ. रूपल दलाल यांच्या पुढाकारानं स्तनपान आणि पोषणावरचे व्हिडिओ झाले, मराठीतही. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड नाही, खालचा काळा भागही जायला हवा, हे दहा पानं वाचून कळत नाही. बघितलं की कळतं.

पण बघायचं कुणाच्या फोनवर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ३८ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुष ६१.५ टक्के. फोन नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. स्तनपानाचा व्हिडिओ त्याच्याकडे मागायचा कसा? सून पाहत बसली तर ‘सारखी मोबाईलवर’ हा शेरा ठरलेला. शिवाय त्याच फोनवर सात दिवसांत पाळी नियमित करून देणारे भोंदूही असतातच.

तेव्हा नुसता व्हिडिओ चढवून संशोधकांची सुटका नाही. ज्या गावातून माहिती घेतली तिथल्या बायकांना तो आधी, एकत्र बसवून, दाखवावा. काय सापडलं तेवढंच नको. काय सापडलं नाही, पैसा कुणी दिला, तेही सांगावं. भाषा आपली हवी. ‘हस्तक्षेप गट’ म्हणजे कोण, हे शेजारणीला समजावता आलं पाहिजे. आणि कुणाही बाईचा चेहरा तिला विचारल्याशिवाय दिसता कामा नये. चारचौघींसमोर विचारलं तर ती ‘नाही’ म्हणू शकणार नाही, म्हणून एकटीला विचारावं.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत, हप्ते गोळा झाल्यावर, एक व्हिडिओ मिळून बघा. बायका काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून पाठवा. आम्ही ते संशोधकांपुढे ठेवू.