शमीवरची शस्त्रे आणि खुंटीवरची किल्ली

आज विजयादशमी. नवरात्रीचे घट उठले, देव सिंहासनी बसले, आणि जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील घरोघरी काल-आजच्या पूजेत नांगर, कोयता, विळा, खुरपे यांच्या शेजारी ट्रॅक्टर आणि मोटारसायकल झेंडूच्या माळा लेवून उभ्या राहिल्या आहेत. पूर्वी या दिवशी तलवार-ढाल पुजली जाई, आता वाहन पुजले जाते, म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्या साधनावर घराचा चरितार्थ चालतो त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, यात कृतज्ञता आहे. तथापि शस्त्रपूजेत कृतज्ञतेबरोबर आणखी एक भाव अध्याहृत असतो, तो धाकाचा. हे शस्त्र आहे, ते रक्त काढते, ते कोणाच्या हाती द्यावयाचे याचा विचार घरातील कर्त्याने करावयाचा असतो, हे त्या हळदकुंकवात सामावलेले आहे. वाहनपूजेतून तो धाक मात्र पार निघून गेलेला दिसतो.

दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. मंचर, नारायणगाव, जुन्नर येथील वाहनविक्रेत्यांच्या दारी आज सकाळपासून गर्दी आहे. गाडी घेतली जाते वडिलांच्या नावावर, हप्ते फेडावयाचे वडिलांनीच, पण नारळ फुटल्यावर किल्ली हाती पडते ती पुष्कळदा अद्याप मिसरूडही न फुटलेल्या चिरंजीवांच्या. आई औक्षण करते, वडील छायाचित्र काढतात, आणि त्याच रात्री सोने वाटण्याच्या निमित्ताने ती नवी गाडी तिघांना घेऊन गावाबाहेर पडते. या आनंदाच्या दिवशी असा अभद्र विषय काढल्याबद्दल कोणी आम्हांस दोष देईल. परंतु उद्या-परवा काढून उपयोग नाही. किल्ली आजच दिली जाते आहे.

दसऱ्याशी निगडित अशी जी शमीवृक्षाची कथा आपण मुलांना सांगतो तीत एका पोरसवदा राजपुत्राचा प्रसंग आहे. त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. बारा वर्षांचा वनवास संपवून अज्ञातवासाला निघताना पांडवांनी आपली शस्त्रे विराटनगरीबाहेरच्या शमीवर बांधून ठेवली आणि मुदत पुरी होईपर्यंत त्यांना हात लावला नाही. अर्जुनासारख्या धनुर्धराने वर्षभर गांडीव झाडावर ठेवले! मुदतीच्या अखेरीस कौरवांनी विराटाच्या गाई वळवून नेल्या तेव्हा नगरात होता तो राजकुमार उत्तर. अंतःपुरातील स्त्रियांपुढे त्याने फुशारकी मारली की, चांगला सारथी मिळाला तर मी एकटा कौरवांना जिंकून येतो. बृहन्नडा सारथी झाली, रथ निघाला, आणि समोर कौरवांची सेना दिसताच हा शूर रथातून उडी टाकून पळत सुटला. अर्जुनाने त्याला धावत जाऊन धरले. येथपर्यंतची गोष्ट सांगून आपण हसतो. पण पुढे अर्जुनाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्याने उत्तराची अवहेलना केली नाही, आणि रथ त्याच्या एकट्याच्या स्वाधीनही केला नाही. त्याला शमीवर चढवून शस्त्रे काढावयास लावले, घोड्यांचे लगाम त्याच्या हाती दिले, आणि स्वतः त्याच रथात मागे उभा राहिला. पोराने रथ हाकला, पण जाणता माणूस रथात असताना हाकला.

आणि राजवाड्यात बसलेला पिता? विजयाची वार्ता येताच विराटाने मुलाच्या कौतुकाचा असा वर्षाव आरंभिला की, ‘बृहन्नडा बरोबर असता जय होणारच’ एवढे म्हणणाऱ्या कंकाच्या, म्हणजे प्रत्यक्ष धर्मराजाच्या, तोंडावर त्याने हातातील फासा फेकून मारला. धर्मराजाच्या नाकातून रक्त आले. ते पाहून पित्याला क्षमा मागावयास सांगितले ते परत आलेल्या उत्तरानेच, आणि जय आपला नव्हे हे खरे सांगितले तेही त्यानेच. लेकराविषयीच्या अंध अभिमानाने निरपराध माणसाचे रक्त कसे सांडते याचे याहून नेमके चित्र आम्हांस ठाऊक नाही.

आता कायदा काय म्हणतो ते सांगणे अगत्याचे आहे, कारण सुशिक्षित घरांतही याविषयी कमालीचे अज्ञान आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालविण्याचे किमान वय १८ वर्षे आहे. १६ वर्षे पुरी झालेल्यास सवलत आहे ती केवळ ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारसायकलीपुरती. एके काळी घरोघरी दिसणाऱ्या लूनासारख्या गाड्या या मर्यादेत बसत. आज बाजारात मिळणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटरचे इंजिन शंभर सीसीच्या पुढचे असते. ‘स्कूटरच तर आहे, गिअर कुठे आहेत’ असे म्हणून अकरावीतील मुलीला वा मुलाला ती देणारे पालक नकळत गुन्हा करीत असतात. २०१९ मध्ये या कायद्यात ‘१९९ अ’ हे कलम घालण्यात आले. त्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पुरी होईपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला न कळत मुलाने गाडी नेली, किंवा त्याला रोखण्यासाठी आपण सर्व दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावरच आहे. मुलाच्या हाती किल्ली देतानाचे छायाचित्र ज्याने हौसेने सर्व सोयऱ्याधायऱ्यांना पाठविले, तो हा भार कसा पेलणार?

विम्याचेही असेच. विनापरवाना चालकाच्या हातून मृत्यू घडला तर मृताच्या वारसांना विमा कंपनीने भरपाई द्यावी आणि ती रक्कम पुढे वाहनमालकाकडून वसूल करून घ्यावी, असे आदेश न्यायाधिकरणे देत आली आहेत. ती रक्कम लाखांच्या घरात जाते. शेतकऱ्याच्या घरी अशी वसुली म्हणजे सातबाऱ्यावर बोजा.

परंतु दंड आणि तुरुंग यांची भीती घालून आमचे म्हणणे पुरे होत नाही. रस्ता कायद्याहून कठोर आहे. १७ जानेवारी २०२५ रोजी नारायणगावजवळ पुणे-नाशिक महामार्गावर भरदिवसा टेम्पो, प्रवासी गाडी आणि उभी एस.टी. यांच्या अपघातात नऊ जण प्राणास मुकले. जून २०२४ मध्ये याच महामार्गावर मंचरनजीक एकलहरे येथे रात्री मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचा १९ वर्षांचा तरुण गेला. त्या मोटारीच्या चाकामागे कोणी पोर नव्हते, प्रौढ मनुष्य होता, हेही सांगितले पाहिजे. सबंध महाराष्ट्रात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १५,२२४ माणसे मेली. म्हणजे दिवसाला चाळीसहून अधिक. जेथे अनुभवी चालकांचा आणि दिवसाउजेडीचा हा हिशेब, तेथे रात्री एक वाजता, मागे दोन मित्र, अंगात वयाची रग आणि डोक्यावर शिरस्त्राण नाही, अशा सोळा वर्षांच्या मुलाचे काय?

या दोन तालुक्यांच्या रात्रीला तिच्या स्वतःच्या खोड्या आहेत. दसरा-दिवाळी उलटली की विघ्नहर आणि भीमाशंकर या कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो, आणि उसाच्या बैलगाड्या व दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. कित्येकांच्या मागे लाल दिवा नसतो. चाक निखळलेला ट्रेलर भर रस्त्यात सोडून त्याभोवती चार दगड मांडले की झाली सूचना! उसात दडलेला बिबट्या रस्ता ओलांडतो तो कोणाला विचारून नव्हे. माळशेजच्या घाटात पावसाळाभर धुके, भीमाशंकरच्या वाटेवर वळणामागून वळण. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. समोर काही आहे हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत निष्णात माणसालाही सेकंद-दीड सेकंद लागतो. तेवढ्यात तीस-पस्तीस मीटर सरलेले असतात, आणि खाली केलेल्या दिव्याचा प्रकाश जेमतेम तेवढाच पडतो. ब्रेक लागतो तेव्हा ट्रेलर समोर असतो. यात मुलाच्या कौशल्याचा प्रश्नच येत नाही. ‘आमचा पोरगा फार सफाईने चालवतो’ असे सांगणाऱ्या पित्याने हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे.

पालकांची बाजू आम्ही जाणतो. वाडीपासून कनिष्ठ महाविद्यालय दहा-बारा किलोमीटरवर, एस.टी. वेळेवर येईलच असे नाही, सायंकाळची शिकवणी संपते तेव्हा शेवटची गाडी निघून गेलेली. दूध डेअरीवर घालावयाचे आहे, भाजी बाजारात पोचवावयाची आहे, बाप शेतात पाणी धरून आहे. अशा घरात गाडी मुलाच्या हाती जाते ती लाडाने नव्हे, अडचणीने. त्यांना लाडावलेल्या धनिकपुत्रांच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे होईल. एस.टी.च्या फेऱ्यांसाठी ग्रामसभांनी ठराव करावेत, तगादा लावावा. तो त्यांचा हक्क आहे. पण एक भेद या घरांनीही करावयास हवा. सकाळी सातला दुधाची किटली घेऊन गेलेली गाडी आणि रात्री अकराला ‘जरा हायवेला चहा पिऊन येतो’ म्हणून गेलेली गाडी, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीही कायद्यात बसत नाही. दुसरीला तर अडचणीचाही आधार नाही. किल्ली दिवसा गरजेपोटी दिली की रात्री ती मागून घेण्याचे धैर्य आईबापांच्या अंगी उरत नाही, हे खरे दुखणे आहे. तमाशा पाहावयाला रात्रभर गेलेली पोरे नारायणगाव पट्ट्याला नवी नाहीत, त्यांचे आजेही जात. पण ते बैलगाडीने जात, आणि बैलांना घरची वाट ठाऊक असे.

१९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमारास पुण्याच्या कल्याणीनगरात जे घडले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. बारावी झाल्याचा आनंद मद्यालयांत साजरा करून निघालेल्या, १८ वर्षे पुरी न झालेल्या मुलाच्या महागड्या, नोंदणीही पुरी न झालेल्या मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. एक मुलगा, एक मुलगी, दोघेही मध्य प्रदेशातून पोटासाठी पुण्यास आलेले. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितले, यावर देशभर संताप झाला. त्यानंतर जे आरोप पुढे आले ते आम्हांस अपघाताहून अधिक भयंकर वाटतात: घरच्या चालकाने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याला कोंडून ठेवले, आणि मुलाच्या रक्ताचा नमुना ससून रुग्णालयात बदलून त्याजागी आईचे रक्त ठेवले. या आरोपांवरून मुलाचे आई, वडील, आजोबा आणि रुग्णालयातील डॉक्टर यांना अटक झाली. मुलाला प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. आरोपांचा निवाडा न्यायालयांचा आहे, त्यात आम्ही शिरत नाही. पण आईने मुलासाठी रक्त द्यावे, या शब्दांना आपल्या भाषेत जो अर्थ आजवर होता तो यापुढे पूर्वीसारखा निर्मळ राहील का, हा प्रश्न मनातून जात नाही.

रामायणात अशीच एक रात्र आहे. दशरथ तेव्हा युवराज होता, अविवाहित होता, आणि आवाजावरून बाण मारणारा म्हणून त्याची ख्याती होती. पावसाळ्यात रथ घेऊन तो शरयूकाठी गेला. अंधारात पाण्याचा आवाज झाला. हत्ती समजून त्याने बाण सोडला, तो लागला घागर भरणाऱ्या मुलाला, आंधळ्या मातापित्यांच्या एकुलत्या आधाराला. त्यानंतर दशरथाने रथ वळवून अयोध्या गाठली असती तर त्या अंधारात साक्षीला कोणी नव्हते. तो घागर भरून घेऊन स्वतः त्या झोपडीपाशी गेला. पावलांचा आवाज ऐकून म्हाताऱ्याने विचारले, बाळा, उशीर का केलास? आणि युवराजाने सांगितले की मी तुमचा मुलगा नव्हे, माझ्या हातून तो मेला आहे. त्याने त्या दोघांना हाताला धरून प्रेतापाशी नेले. शाप मिळाला तो मिळालाच, आणि रामाच्या वियोगात तो भोगून दशरथ गेला. पण त्या वृद्धाने एक गोष्ट त्याला सांगितली होती: तू आपण होऊन हे सांगितले नसतेस तर तुझ्या मस्तकाची शकले झाली असती. आज कीर्तनांतून हा प्रसंग श्रावणाच्या मातृपितृभक्तीसाठी सांगतात. यापुढे तो दशरथासाठीही सांगावा, आणि ऐकावयास सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना पुढच्या रांगेत बसवावे, अशी आमची कीर्तनकारांना विनंती आहे.

राहिली आजची रात्र. सीमोल्लंघन करून, ग्रामदेवतेला सोने वाहून झाले की मुले घरोघरी आपट्याची पाने वाटावयास निघतील. ती पायी निघावीत. गावातल्या गावात थोरांच्या पाया पडावयाला मोटारसायकल कशाला हवी? दूरच्या नातलगांकडे जावयाचे तर घरातील परवानाधारक वडील माणसाने गाडी चालवावी, मुलाने मागे बसावे, शिरस्त्राण दोघांनी घालावे. शिवजयंतीला शिवनेरीहून ज्योत नेणाऱ्या आणि नवरात्रात देवीची ज्योत आणणाऱ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांनी पुढील वर्षाचा हिशेब मांडतानाच एस.टी.चा प्रासंगिक करार किंवा अनुभवी चालकाची गाडी यांसाठी रक्कम काढून ठेवावी, आणि ज्योतीबरोबर धावणाऱ्या मुलांच्या मागेपुढे दुचाक्यांचा ताफा नको असे बैठकीतच ठरवावे. आणि पूजेतली किल्ली आज संध्याकाळी उचलाल तेव्हा ती पुन्हा दारामागच्या खुंटीला न अडकवता कपाटात, कुलपात ठेवावी. मुलगा रुसेल, जेवणार नाही, दोन दिवस बोलणार नाही. रुसू द्यावे.