नुरा कुस्ती नेमकी कुठली?

वाचनालयाचा वर्धापनदिन असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की कुणाची एकसष्टी, एखादे वक्ते उठतात आणि नव्या पिढीवर घसरतात. "या मातीत खाशाबा जाधव जन्मले, आणि आमची पोरे टीव्हीसमोर बसून ती डब्ल्यूडब्ल्यूईची खोटी कुस्ती बघतात!" टाळ्या पडतात. वक्ते पाणी पितात. संस्कृती वाचली म्हणून सगळे घरी जातात.

मला या टाळ्यांचा राग येतो. ती कुस्ती 'खोटी' म्हणजे नक्की काय आणि आपली 'खरी' म्हणजे काय, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणीच स्वतःला विचारत नाही.

आधी त्या खोट्या कुस्तीचे पाहू. १९८९ साली या कंपनीच्या (तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या) लोकांनी अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सरळ सांगून टाकले की आमचा प्रकार हा खेळ नसून करमणूक आहे. हेतू काही उदात्त नव्हता. क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर टाळायचा होता. पण बोलले तर खरे! त्यानंतरही प्रेक्षक आले आणि आजही येतात. रोलां बार्थ या फ्रेंच लेखकाच्या १९५७च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात पहिलाच निबंध अशा कुस्तीवर आहे. कुस्ती ठरवलेली आहे की नाही याची प्रेक्षकाला फिकीरच नसते, त्याला दुष्टाचा माज आणि सुष्टाचे सोसणे डोळ्यांनी बघायचे असते, असे तो म्हणतो.

हे समजायला आपल्याला पॅरिसला जायची गरज नाही. पेडण्याला किंवा डिचोलीला जत्रेतला दशावतार बघावा. रात्री दोन वाजता राजा आणि राक्षस तलवारी घेऊन भिडतात. कोण मरणार हे पुढच्या रांगेतल्या आजीपासून आईच्या मांडीवर पेंगणाऱ्या पोरापर्यंत सर्वांना ठाऊक असते. म्हणून कुणी "नुरा, नुरा!" असे ओरडत नाही. नुरा म्हणजे आतून ठरवून केलेली पण वरून खरी म्हणून दाखवलेली कुस्ती. दशावतार नुरा नाही, कारण तिथे कुणी कुणाला फसवत नाही. आणि १९८९नंतरची ती टीव्हीवरची कुस्तीही मग नुरा कशी?

आता आपल्या खऱ्या कुस्तीकडे वळू.

माझे साडू मूळचे चंद्रपूरचे. नोकरी कोळसा खाणीत आणि बिऱ्हाड मंचेरियलला, म्हणजे पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गावी. २०१६पासून मंचेरियल स्वतंत्र जिल्हा झाला आहे. आम्हा दोघांना कुस्तीचा नाद. शेजारीपाजारी सगळे तेलुगू, त्यामुळे महाराष्ट्र केसरीवर बोलायला त्यांना माझ्याशिवाय कुणी नाही, आणि इथे फुटबॉलच्या गोव्यात मला त्यांच्याशिवाय कुणी नाही. मागच्या दहा-अकरा वर्षांचा हिशेब आम्ही फोनवर मांडतो तेव्हा सुरुवात झकास होते. विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ असे लागोपाठ तीनदा गदा नेली. त्याच्या आधीची २०११ ते २०१३ अशी तिन्ही वर्षे नरसिंग यादवची. पुढे अभिजित कटके, बाला रफिक शेख, हर्षवर्धन सदगीर. मग दोन वर्षे कोरोनात गेली, आणि २०२२ला साताऱ्यात पृथ्वीराज पाटील. इथपर्यंत नावे तोंडपाठ येतात.

त्यानंतर मात्र आमचे संभाषण कुस्तीवरून भांडणावर जाते. २०२२मध्ये राष्ट्रीय महासंघाने राज्याची कुस्तीगीर परिषदच बरखास्त केली. जानेवारी २०२३मध्ये पुण्याला सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत टांगेच्या डावाला चार गुण द्यावेत की नाही, यावर सगळा महाराष्ट्र पंच झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'महाराष्ट्र केसरी' दोनदा झाली. फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवले, आणि काही दिवसांनी धाराशिवला तोच राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. एकाच महिन्यात एकच मल्ल हरलेलाही आणि जिंकलेलाही! असे कथानक डब्ल्यूडब्ल्यूईच्या लेखकाने लिहिले असते तर आपण हसलो असतो.

फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरला पंचांनी पृथ्वीराज मोहोळच्या बाजूने चितपटीचा निकाल दिला. खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षेचे म्हणणे. वाद वाढला आणि त्याने पंचाला लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही निकालावर चिडून आखाडा सोडून गेला. मोहोळ विजयी. राक्षे आणि गायकवाड तीन-तीन वर्षांसाठी निलंबित. पुढच्याच महिन्यात कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी भरली आणि वेताळ शेळके विजेता ठरला. म्हणजे पुन्हा एका वर्षात दोन.

पंचाला लाथ मारणे हा गुन्हाच, आणि शिक्षा व्हायलाच हवी होती. पण लाथेची शिक्षा झाली म्हणून खांद्याचा प्रश्न सुटत नाही. या दोन वेगळ्या फायली आहेत.

फायलींचे मला कळते, कारण माझा जन्म त्यांच्यातच चालला आहे. आमच्या कचेरीत एखाद्याचा साधा दाखला नाकारायचा झाला तरी टिपणी लिहावी लागते, कारण द्यावे लागते, खाली सही करावी लागते, आणि अर्जदाराला वर दाद मागता येते. सरकारी कारभाराला लोक शिव्या देतात. द्याव्यात. पण ज्या निकालावर एका पोराची दहा-बारा वर्षांची तालीम, दूध-तूप-बदामाचा खर्च, आणि जमले तर पुढची सरकारी नोकरी अवलंबून असते, तो निकाल कुठल्या कारणाने दिला हे लेखी सांगायला काय हरकत आहे? सिकंदरचे वडील हमाली करायचे. अशा घरातला मल्ल एका निकालावर काय काय हरतो, याचा हिशेब व्यासपीठावरच्या खुर्च्यांना नसतो. ठरवलेल्या कुस्तीत हरणाऱ्यालाही त्याचे मानधन मिळते. खऱ्या कुस्तीत हरणाऱ्याकडे फक्त निकालावरचा विश्वास उरतो. तोही काढून घेतला तर त्याने कशासाठी घाम गाळायचा?

"पूर्वीही वाद होतच होते," असे काही जण म्हणतील. होते ना. पण मातीतल्या जुन्या मैदानात पाठ लागेपर्यंत लढत चाले आणि पाठ हजारो लोकांना दिसे. आज महाराष्ट्र केसरीचा मल्ल माती आणि गादी अशा दोन विभागांतून येतो आणि लढती गुणांवर ठरतात. प्रत्येक गुण हा पंचाचा एक निर्णय. निर्णय वाढले, तशी ते तपासून घेण्याची सोयही वाढायला नको का? चित्रफीत आहे, पडदा आहे. दाद मागितली की सगळ्यांसमोर ती दाखवा, निकालाचे कारण लिहा आणि खाली सही करा. आणि एका वर्षात एकच गदा द्या. दोन संघटनांना एकत्र बसवत नसेल तर निदान एकीने दुसरे नाव घ्यावे.

हे मागणे परके आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी भाषणात वापरायच्या त्या खाशाबांचेच चरित्र नीट वाचावे. १९५२च्या हेलसिंकीसाठीच्या निवडीत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला गेला, अशी त्यांची तक्रार होती. ते पटियाळाच्या महाराजांकडे दाद मागायला गेले, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि त्यांनी ती मारली, असे सांगतात. मग वर्गणी काढून प्रवास, आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या दिवशी कुणी "पंचाचा निर्णय अंतिम" म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवले असते, तर आज वक्त्यांना टाळ्या घ्यायला हे नावच मिळाले नसते.

तेव्हा पोरांना खुशाल डब्ल्यूडब्ल्यूई बघू द्या. ती त्यांची जत्रा आहे, आणि तिथे काय चालते हे त्यांना आपल्यापेक्षा बरे कळते. आपण जिला खरी म्हणतो तिचा खरेपणा मातीच्या रंगात नाही, लंगोटात नाही, आणि खासबागेच्या आठवणींतही नाही. हरलेल्या मल्लाला निकाल पटला तरच ती खरी. ज्या वर्षी दोन महाराष्ट्र केसरी होतात, त्या वर्षी तरी वक्त्यांनी 'खोटी कुस्ती' हे शब्द जरा जपून वापरावेत.