गवत कापणाऱ्याचा दर कोण ठरवणार?

पावसाळ्याचे दोन-तीन चांगले सडाके पडले की शहागंजच्या मजूर नाक्यावर एक नवा गडी दिसू लागतो. त्याच्या हातात थापी नसते की पाटी नसते. खांद्याला पट्टा आणि त्याला अडकवलेले पेट्रोलवर चालणारे गवत कापायचे मशीन असते. सिडकोतील बंगले, गारखेडा आणि ज्योतीनगरातील सोसायट्या, चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांची आवारे, बीड बायपासवरची लग्नाची लॉन्स या सगळ्यांना पावसाळ्यात हा माणूस लागतो. विळा-खुरपे सोडून त्याने कर्ज काढून मशीन घेतले, म्हणजे तो आता मजूर राहिला नाही, छोटा का होईना धंदेवाला झाला, असे आपण म्हणतो. पण खरेच झाला काय?

गिऱ्हाईक गाडीची काच खाली करून विचारतो, 'काय घेशील?' आणि हा उत्तर देतो, 'साहेब, तुम्हीच काय ते द्या.' या एका वाक्यात आपल्या समाजाचा सगळा इतिहास दडलेला आहे. ज्याला आपल्या श्रमाची किंमत स्वतःच्या तोंडाने सांगता येत नाही, त्याच्या हातात विळा असो की पेट्रोलचे मशीन, तो अजून दुसऱ्याच्या मर्जीवर आहे.

हा प्रश्न कुणाला क्षुल्लक वाटेल. ज्यांना तसे वाटेल त्यांनी महार वतनाचा इतिहास आठवावा. वतनदार महाराच्या कामाला हद्द नव्हती आणि मोबदल्याला माप नव्हते. दिवसा-रात्री केव्हाही बोलावणे आले की जायचे, आणि सुगीला खळ्यावर गावाने जे टाकले ते बलुते म्हणून पदरात घ्यायचे. काम किती हे घेणारा ठरवी आणि दाम किती हेही घेणाराच ठरवी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते नेमक्या या दोन गोष्टींवर घाव घालण्यासाठी. कामाची मर्यादा ठरवा आणि मोबदला रोख, निश्चित द्या, अशी ती मागणी होती. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता, पण गावगाड्याची रीत इथेही तीच होती.

आता शहागंजच्या नाक्यावरून निघालेल्या माणसाचा दिवस पाहा. ठरलेले असते पुढच्या अंगणातले गवत. तिथे गेल्यावर मागचेही अंगण निघते. मग 'जाता जाता कुंपण छाटून टाक', 'कचरा कोपऱ्यावर नेऊन टाक', 'ती कुंडी जरा सरकव'. शेवटी हातावर तीनशे रुपये ठेवले जातात आणि वर ऐकवले जाते की तासाभराच्या कामाचे एवढे पैसे कुठे मिळतात! कामाला हद्द नाही, मोबदल्याला माप नाही. वतन गेले, पण वतनाची रीत गेली नाही.

तेव्हा माप लावूनच पाहू. उदाहरणासाठी काही आकडे धरू. प्रत्येकाने आपापले आकडे घालून हा हिशेब करावा.

घर चालवायला महिन्याला १८,००० रुपये लागतात असे धरा. वर्षाचे झाले २,१६,०००. पाऊस, आजारपण, सणवार, नाक्यावर काम न मिळालेले दिवस वजा जाता वर्षाला २४० दिवस काम मिळते असे धरा. म्हणजे दिवसाला ९०० रुपये सुटले पाहिजेत. आता दिवस नऊ तासांचा धरला तरी मशीन नऊ तास चालत नाही. नाक्यावर थांबणे, एका वसाहतीतून दुसरीत जाणे, काम बघून भाव सांगणे, गवत गोळा करणे, मशीन पुसणे यात चार तास जातात. प्रत्यक्ष कापणी होते पाच तास. ९०० ला पाचने भागा. मशीनच्या दर तासामागे १८० रुपये ही त्याची स्वतःची मजुरी झाली.

आता खर्च. मशीन १५,००० रुपयांचे आणि ते ७५० तास चालेल असे धरले, तर ताशी २० रुपये त्याची झीज. पेट्रोलने आपल्याकडे केव्हाच शंभरी ओलांडली आहे, त्यात ऑइल मिसळावे लागते. ताशी ८० रुपये धरा. नायलॉनची दोरी, ब्लेड, प्लग, दुरुस्ती मिळून २०. जाण्यायेण्याचे २०. एकूण खर्च ताशी १४० रुपये. मजुरी १८० आणि खर्च १४० मिळून ३२० झाले. बुडालेले पैसे, डोळ्यात उडालेल्या खड्याचे औषधपाणी आणि उद्याचे नवे मशीन यासाठी दहावा हिस्सा वर टाकला की ३५२ होतात. म्हणजे ताशी ३५० रुपये हा त्याचा रास्त दर. दीड तासाच्या कामाचे ५२५ रुपये.

आणि त्याला मिळाले किती? तीनशे. म्हणजे ताशी दोनशे. पाच तासांचे हजार रुपये खिशात पडले, म्हणून गडी खूश होतो. पण त्यातून १४० च्या हिशेबाने ७०० रुपयांचा खर्च वजा करा. उरतात ३०० रुपये, तेही नऊ तासांच्या दिवसाचे. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे कर्ज काढून मशीन घेतलेला हा 'धंदेवाला' रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्यापेक्षा १२ रुपयांनी खाली आहे! त्याला वाटते आपण कमावतो. प्रत्यक्षात तो दररोज आपले मशीन थोडे थोडे विकून खातो आहे. मशीन बंद पडेल त्या दिवशी त्याच्याकडे नवे घ्यायला पैसे नसतील, आणि तो पुन्हा रिकाम्या हाताने नाक्यावर उभा राहील.

या बाबतीत कायदा काय म्हणतो? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. आता त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही संविधानाच्या कलम २३ ने मना केलेली वेठ आहे. माणसाला कमी पैशात राबायला लावणारी भूक हीसुद्धा सक्तीच आहे, हे त्या निकालाचे सार आहे. संविधानातील कलम २३ चा अर्थ इतक्या स्पष्टपणे सांगणारे निकाल थोडेच आहेत.

परंतु इथेच मेख आहे. किमान वेतन मिळते ते कुणाच्या तरी नोकरीत असलेल्याला. ज्याने स्वतःचे मशीन घेतले आणि उक्ते काम घेतले, तो कायद्याच्या लेखी स्वतंत्र व्यावसायिक. त्याच्यासाठी कोणतेही सरकार किमान दर जाहीर करत नाही. त्याचे किमान वेतन त्याला स्वतःलाच आपल्या दरात घालावे लागते. ते घालायचे राहिले तर गिऱ्हाईक आठवण करून देणार नाही.

त्याचबरोबर तो ज्या दिवशी हाताखाली एक पोरगा ठेवतो, त्या दिवशी तो स्वतः मालक होतो. मग त्या पोराला किमान वेतन देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. 'आपलाच भाचा आहे, शिकतोय' असे म्हणून त्याला शंभराची नोट टेकवणे हे 'तुम्हीच काय ते द्या' या रीतीचेच दुसरे टोक आहे. जो न्याय आपण गिऱ्हाइकाकडे मागतो तो हाताखालच्या माणसाला द्यावाच लागेल. म्हणून दोन माणसांच्या कामाचा दर सांगताना दुसऱ्याचा पूर्ण रोज त्यात धरला पाहिजे.

काही जण म्हणतील, हा ३५० सांगेल, पण नाक्यावर शेजारचा दोनशेला तयार आहे, मग याला कोण विचारणार? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला डोळेझाक करून चालणार नाही. गुत्तेदारांच्या निविदांमध्येही हेच चालते. सर्वांत कमी दराला काम मिळते आणि कमी केलेला प्रत्येक रुपया शेवटी मजुराच्या हजेरीतून कापला जातो. पण याच महाराष्ट्रात पाठीवर पोती वाहणारा हमालही एके काळी असाच व्यापाऱ्याच्या मर्जीवर होता. तो संघटित झाला, लढला आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मंडळे स्थापन झाली, कामाचे दर ठरू लागले, मजुरीवर लेव्ही बसून भविष्यनिर्वाह निधी आणि इतर लाभ सुरू झाले. हमालाचा दर ठरू शकतो, तर गवत कापणाऱ्याचा का ठरू नये? निदान खर्च आणि किमान रोज यांच्या खाली कुणी उतरायचे नाही, एवढी समज तरी नाक्यावर एकत्र बसून घडवता येईल. दोनशेला तयार होणारा शेजारी शत्रू नाही. त्याने हिशेब केलेला नाही, इतकेच. त्याला हिशेब शिकवणे हे संघटनेचे पहिले काम आहे.

तोवर चार गोष्टी प्रत्येकाला आजपासून करता येतील.

पहिली, काम बघितल्याशिवाय दर सांगू नये. गवत घोट्याएवढे आहे की गुडघ्याएवढे, खाली दगड आहेत की सपाट हिरवळ, कचरा कुणी उचलायचा, हे आधी ठरवावे. दर सांगताना काम कुठे संपते तेही सांगावे आणि वरच्या कामाचे वेगळे पैसे सांगावेत.

दुसरी, दर व्हॉट्सअॅपवर पाठवावा. तोंडी करारही करारच असतो, पण भांडण झाले की कोर्टाला पुरावा लागतो. आणि दर ठरलाच नसेल तर? भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७० सांगते की फुकट करण्याचा इरादा नसताना कुणी दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले आणि त्याचा लाभ त्या दुसऱ्याने घेतला, तर त्याला भरपाई द्यावी लागते. 'मी कुठे एवढे कबूल केले होते' असे म्हणून फुकटात काम पचवता येत नाही.

तिसरी, कारखाने आणि कंपन्यांची कामे घेणाऱ्यांनी काम घेण्याआधी उद्यम नोंदणी करावी. ती मोफत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. बिल सहा-सहा महिने लोंबकळत ठेवणाऱ्यांना हे कलम दाखवले पाहिजे. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी साधारणपणे लागत नाही, त्यामुळे त्या धाकाने मागे राहण्याचे कारण नाही.

चौथी, एकाच मापाचे काम एकाच दरात करावे. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला जास्त सांगायचे आणि बंगलेवाल्या साहेबापुढे दबून कमी घ्यायचे, हा धंदा न्यायाचा नाही. रास्त दर म्हणजे दोन्ही बाजूंनी रास्त.

आता थोडे आपल्या वाचकांविषयी. मिलिंद महाविद्यालयात शिकून आपली माणसे अधिकारी झाली, प्राध्यापक झाली, सिडकोत घरे झाली, घरांपुढे हिरवळ आली. याचा अभिमानच आहे. परंतु डॉक्टरची फी आपण 'काय ते देऊ' म्हणून ठरवत नाही. वकिलाची फी ठरल्याशिवाय वकीलपत्रावर सही होत नाही. मॉलमध्ये छापील किमतीवर एक रुपया कमी करा असे कुणी म्हणत नाही. मग नाक्यावरच्या माणसापाशीच आपली घासाघीस का जागी होते? शिकलेल्या माणसांनी समाजाकडे पाठ फिरवली, ही खंत बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याला बोलून दाखवली होती. जयंतीची वर्गणी भरणे चांगलेच आहे, पण दारात घाम गाळणाऱ्याला त्याचा दर विचारून तो पूर्ण देणे हेही त्या खंतीचे उत्तर आहे.

म्हणून शहागंजच्या नाक्यावरच्या प्रत्येक भावाला सांगणे आहे की, आज रात्री वहीच्या एका पानावर आपला खर्च, आपला रोज आणि आपले तास लिहा. बेरीज करा. जो आकडा येईल तो पाठ करा. उद्या गाडीची काच खाली होऊन 'काय घेशील?' असे विचारले गेले, की मान वर करून तोच आकडा सांगा.