सेवेतून उतरलेल्या शस्त्रांचे जतन

मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने इस्रायली कंपनीकडून १६,४७९ हलक्या मशीनगन विकत घेण्याचा ८८० कोटी रुपयांचा करार केला. अशी खरेदी होते तेव्हा किंमत, दर्जा आणि स्वदेशी उत्पादन यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाही हवी. परंतु नवे शस्त्र आले म्हणजे जुने कोठे जाते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. बाद झालेली बंदूक मोडीत काढावी, वितळवावी, फार तर एखाद्या छावणीच्या दाराशी रंगवून ठेवावी, एवढीच आपली कल्पना. हा प्रश्न मुळीच किरकोळ नाही. त्यात कायदा आहे, सुरक्षितता आहे, आणि आपल्या जवानांचा व कामगारांचा इतिहासही आहे.

ब्रेनगनचेच उदाहरण घ्यावे. झेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथील कारखान्यात व्हाक्लाव्ह होलेक याने १९२० नंतरच्या दशकात एक हलकी मशीनगन तयार केली. ब्रिटिश लष्कराने तिची चाचणी घेतली, आपल्या .३०३ काडतुसासाठी तिच्यात बदल करवून घेतले आणि १९३७ पासून एनफील्डच्या सरकारी कारखान्यात तिचे उत्पादन सुरू केले. ब्रनोमधील ‘ब्र’ आणि एनफील्डमधील ‘एन’ मिळून ‘ब्रेन’ हे नाव झाले. १९३९ मध्ये जर्मनांनी ब्रनोचा ताबा घेतला, तेव्हा त्याच घराण्यातील मूळ बंदूक जर्मन सैन्याच्याही हाती पडली. एकाच कुळातील शस्त्रे मग रणांगणावर परस्परांसमोर उभी राहिली.

हिंदुस्थानच्या सैन्याने मात्र आधी निराळी निवड केली होती. बर्तिए या फ्रेंच माणसाच्या रचनेवरून व्हिकर्स कंपनीने बनविलेली व्हिकर्स-बर्तिए ही बंदूक येथे स्वीकारली गेली आणि ती बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. पुढे ब्रेनही आली, आणि स्वातंत्र्यानंतर तिच्याच रचनेवरून ७.६२ मिलिमीटरची एल.एम.जी. कानपूरच्या कारखान्यात बनू लागली. ब्रेनला जगभर चाहते लाभले. व्हिकर्स-बर्तिएचे नाव लष्कराबाहेर फारसे कोणास ठाऊक नाही, आणि जे शस्त्र प्रामुख्याने आपल्याच सैन्याने वापरले त्याचीच आठवण आधी पुसली जावी, हे बरे नव्हे.

या बंदुकांशी माणसांची आयुष्ये जोडलेली आहेत. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे मेजर सोमनाथ शर्मा डाव्या हाताला प्लॅस्टर असतानाही मॅगेझिने भरून आपल्या एल.एम.जी. चालविणाऱ्या जवानांना देत होते. त्याच वेळी जवळ येऊन फुटलेल्या तोफगोळ्याने त्यांचा बळी घेतला. ते पहिले परमवीरचक्राचे मानकरी. त्याआधी, १० जुलै १९४४ रोजी इटलीत, आजच्या रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि ते ठाणे नष्ट करून तेथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दहा किलोंचे ते यंत्र प्रत्यक्ष समोर असले, त्याचे वजन आणि त्याच्या माऱ्याची गती समजली, म्हणजे विद्यार्थ्याला अशा पराक्रमाचा खरा अर्थ कळतो. पाठ्यपुस्तकातील दोन ओळींनी तो कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग ठेवावी एक बंदूक काचेच्या कपाटात, त्यात अवघड ते काय? अवघड आहे ते तिची निगा राखणे. जुन्या .३०३ काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे गोळी सुटल्यावर नळीत क्षार उरत. ते तेलात विरघळत नाहीत, आणि दमट हवेतील पाणी ओढून घेतात. म्हणून नळीतून आधी उकळते पाणी सोडायचे, मग कोरडे फडके फिरवायचे आणि अखेरीस तेल लावायचे, असा क्रम जवानांना घोटून शिकविला जाई. या क्रमात ज्या बंदुकीच्या बाबतीत कसूर झाली असेल तिची नळी आतून आजही झिजत असते. मॅगेझीन तीस गोळ्यांचे, परंतु स्प्रिंगवर ताण पडू नये म्हणून त्यात अठ्ठावीसच भरीत. प्रत्येक बंदुकीबरोबर दुसरी नळी, हत्यारांचा बटवा आणि तेलाची डबी असे. लाकडी दस्त्याला जवसाचे तेल लागते, चामड्याला लागून राहिलेले पितळ हिरवे पडते, आणि कोकणासारख्या हवेत एका पावसाळ्यात पोलादावर तांबेरा चढतो. ही माहिती असणारे लष्करी आर्मरर आणि कारखान्यातील जुने कारागीर आता थोडेच राहिले आहेत. त्यांच्याबरोबर हे ज्ञानही जाईल.

सद्‌हेतूने केलेले नुकसानही काही कमी नसते. गंजलेली बंदूक घासून चकचकीत केली, की तिच्यावरील मूळ काळपट लेप जातो. रंगाचे हात दिले, की कारखान्याची खूण, वर्ष आणि क्रमांक बुजतात. क्रमांक गेला म्हणजे ती बंदूक कोठे बनली आणि कोणत्या पलटणीत होती, हे शोधण्याचा मार्गच खुंटतो. मग उरते ते केवळ लोखंड.

इतर देशांनी या बाबतीत काय केले, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने मशीनगनची नोंदणी आणि २०० डॉलरचा कर सक्तीचा झाला. मे १९८६ मध्ये खाजगी नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंदणीच बंद करण्यात आली. त्यामुळे विकत घेता येण्याजोग्या बंदुकांची संख्या गोठली आणि भाव चढत गेले. तेथील संग्राहकांनी सुटे भाग, जुनी शिक्षणपत्रके आणि दुरुस्तीची विद्या मोठ्या निष्ठेने सांभाळली, हे मान्य केले पाहिजे. पण ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्याच घरी इतिहास राहावा, आणि शस्त्र हे भाव वाढणाऱ्या जमिनीसारखे गुंतवणुकीचे साधन व्हावे, ही व्यवस्था अनुकरणीय म्हणता येणार नाही.

ब्रिटनने दुसरा मार्ग धरला. १९८८ च्या कायद्याने बंदूक निकामी करून तसे प्रमाणपत्र घेण्याची रीत घालून दिली, आणि अशी बंदूक नागरिकाला बाळगता येऊ लागली. आरंभी अशा बंदुकांचे आतील भाग हलते राहत. १९९५ मध्ये नियम कडक झाले. जानेवारी २०१५ मधील पॅरिसच्या हल्ल्यात, निकामी म्हणून विकलेली आणि पुन्हा चालू केलेली शस्त्रे वापरली गेल्याचे उघड झाले. त्यानंतर एप्रिल २०१६ पासून युरोपीय संघाने आणखी कठोर नियम लागू केले. आता भाग जागच्या जागी वितळजोड करून घट्ट करतात. लोकांच्या जिवाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु असे यंत्र उघडून पाहता येत नाही. ते चालत कसे होते, हे त्यावरून कोणालाही शिकता येत नाही.

आपला कायदा याहून कडक आहे, आणि तो तसाच राहावा. चाप दाबून धरला असता गोळ्या सुटत राहतात असे प्रत्येक शस्त्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने निषिद्ध ठरविले असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते बेकायदा बाळगणाऱ्यास किमान सात आणि कमाल चौदा वर्षांची कैद आहे. ज्या रायगडने घाडग्यांसारखा वीर दिला, त्याच रायगडच्या किनाऱ्यावर १९९३ च्या आरंभी चोरट्या मार्गाने शस्त्रे आणि स्फोटके उतरली, आणि त्याची किंमत मुंबईने मोजली. अशा राज्यात हौसेखातर घरोघरी मशीनगन ठेवू द्याव्यात, असे कोणीही विचारी माणूस म्हणणार नाही. मात्र नागरिकाला संग्रहाचा हक्क नाकारला, की जतनाचे कर्तव्य सरकारवर येऊन पडते. कायद्याची ही दुसरी बाजू आपण विसरलो आहोत.

येथे एक आक्षेप संभवतो. माणसे मारण्याची यंत्रे जपायची तरी कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. पण संग्रहालय म्हणजे देव्हारा नव्हे. १९१९ मध्ये जनरल डायरने जालियनवाला बागेकडे मशीनगन बसविलेल्या दोन चिलखती गाड्या नेल्या होत्या. गल्ली अरुंद म्हणून त्या आत शिरू शकल्या नाहीत, एवढेच. बडगामची कथा आणि ही कथा एकाच दालनात सांगता आली पाहिजे. शस्त्र दृष्टीआड केल्याने हिंसेचा इतिहास पुसला जात नाही, तो फक्त ऐकीव होतो.

तेव्हा करावयाचे काय? ब्रिटनमध्ये एनफील्डच्या कारखान्यात ‘पॅटर्न रूम’ होती. मंजूर झालेल्या प्रत्येक शस्त्राचा मोहोरबंद नमुना तेथे राही आणि उत्पादन त्याच्याशी ताडून पाहिले जाई. १९८८ मध्ये तो कारखाना बंद झाला, पण संग्रह मोडला नाही. तो आधी नॉटिंगहॅमला आणि पुढे लीड्सला नेण्यात आला. आज तो अभ्यासकांसाठी सरकारी संग्रहालयाच्या ताब्यात आहे. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन ४१ कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले. खडकीचा १८६९ मधील दारूगोळा कारखाना आणि वरणगावचा कारखाना आता पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीत आहेत, तर ईशापूर व कानपूरचे बंदुकांचे कारखाने निराळ्या कंपनीत. काडतूस एकीकडे आणि बंदूक दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे. कंपनीला नफ्यातोट्याचा हिशेब पाहावा लागतो. जुने आराखडे, मापे, नोंदवह्या आणि नमुने यांची जागा तिच्या ताळेबंदात कोठे असणार?

म्हणून केंद्र सरकारने कारखाने, पलटणींची संग्रहालये आणि पोलिसांची शस्त्रागारे यांतील जुन्या शस्त्रांची क्रमांकवार यादी करावी. प्रत्येक प्रकारचे एक-दोन अभंग नमुने, त्यांच्या दोन्ही नळ्या, बटवा आणि आराखड्यांसह, कडेकोट बंदोबस्तात एका राष्ट्रीय नमुनाघरात ठेवावेत. लोकांसमोर मांडावयाच्या बंदुका कायमच्या निकामी कराव्यात, पण त्यांचे क्रमांक राखावेत. निवृत्त आर्मरर आणि कारागिरांच्या आठवणी आताच टिपून घ्याव्यात. या कामाला लागणारा खर्च ८८० कोटींच्या खरेदीपुढे नगण्य आहे. शस्त्रे विकत घेताना जेवढी तत्परता दाखविली जाते, तिचा अल्पसा अंश जरी येथे दाखविला, तरी पुढच्या पिढीच्या विद्यार्थ्याला आपली बंदूक पाहण्यासाठी लीड्सला जावे लागणार नाही.